गोलियाड, टेक्सास: आधी किल्ला, मग मिशन

सॅन अँटोनियोहून आग्नेयेला साधारण दीड तासावर असलेलं गोलियाड एका दिवसात आरामात पाहून होतं. फक्त क्रम नीट लावा. सुरुवात प्रेसिडिओ ला बाहिया या स्पॅनिश किल्ल्यापासून करा आणि उन्हाळ्यात सकाळीच पोहोचा, कारण आतल्या मोठ्या चौकात सावली फारशी नाही. १७४९ मध्ये हे ठाणं इथे हलवलं गेलं. टेक्सास मेक्सिकोपासून स्वतंत्र होण्यासाठी लढत असताना, २७ मार्च १८३६ रोजी, पाम संडेला (ईस्टरच्या आधीच्या रविवारी), त्यांचा अधिकारी कर्नल फॅनिन याच्यासह टेक्सासच्या सुमारे ३४० कैदी सैनिकांना मेक्सिकन सेनापती सांता आनाच्या हुकमावरून मारलं ते इथे आणि जवळच्या रस्त्यांवर. किल्ल्यातलं चॅपल चुकवू नका. तिथे अजूनही प्रार्थना होते, त्यामुळे आत आवाज आणि फोन बंद. फॅनिन आणि त्याच्या सैनिकांची सामुदायिक कबर तटाबाहेर थोड्या अंतरावर आहे. बरेच जण ती न पाहताच परततात, याची खरंच हळहळ वाटते.

नदीपलीकडचं मिशन एस्पिरितू सांतो, म्हणजे स्पॅनिश धर्मप्रचारकांचं जुनं ठाणं, स्टेट पार्कमध्ये येतं. टेक्सास पार्कचा वार्षिक पास तिथे चालतो. किल्ला मात्र कॅथलिक धर्मप्रांताचा, त्याचं तिकीट वेगळं. मिशनची आजची वास्तू १९३० च्या दशकात जुन्या अवशेषांवर पुन्हा उभारलेली आहे. काम सुरेख आहे, पण अस्सल जुना दगड बघायचा तर किल्ल्यातच जास्त वेळ द्या.

गावातलं १८९४ चं कोर्टहाउस बाहेरून पाहायला अर्धा तास पुरतो. १९४२ च्या चक्रीवादळात गेलेला त्याचा घड्याळाचा मनोरा नंतर पुन्हा बांधला आहे.