लिनो की स्टेन्सिल? पंख्याचाही विचार करा

घरच्या घरी छपाई करायची हौस लागली की हा प्रश्न येतोच: लिनो, म्हणजे लिनोलियमचा तुकडा, कोरून ठसा करायचा, की प्लास्टिकची फिल्म कापून स्टेन्सिल, म्हणजे भोकांतून रंग मारायचा साचा, करायची? माझ्याकडे दोन्हीचं सामान आहे. त्यातलं एक हल्ली माळ्यावरच असतं.

नुसती रेघ बोलकी हवी असेल तर लिनोला तोड नाही. नंदलाल बोस यांनी १९३० साली दांडीयात्रेवर केलेला, काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचा लिनोकट आठवा. काळ्यावर मोजक्या पांढऱ्या रेघा, पण चाल दिसते. ते स्टेन्सिलमध्ये येत नाही, निदान माझ्या हातून तरी. शिवाय उन्हाळ्यात लिनो मऊ पडतो, कोरायला सोपा जातो. अक्षरं उलटी कोरावी लागतात खरी, पण ट्रेसिंग पालथं घातलं की भागतं.

स्टेन्सिलचं दुखणं म्हणजे पूल, म्हणजे आतले तुकडे धरून ठेवायला न कापता सोडलेल्या पट्ट्या. त्या न सोडता 'व' कापला की त्याच्या पोटातला तुकडा गळून पडतो. मोंढ्यात पोत्यांवर मार्का मारायचा पत्रा ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे सांगायला नको. अक्षरांचा नाद सोडून नक्षी घेतली तर मात्र काम सोपं. संभाजीनगरला बीबी-का-मकबऱ्यात कबरीभोवतीची संगमरवरी जाळी नीट बघा: भोकं सगळी सुटी, दगड मात्र एकमेकाला धरून. तसा नमुना फिल्मवर जसाच्या तसा उतरतो, पूल वेगळे सोडावे लागत नाहीत.

माझा निकाल मात्र पंख्याने लावला. लिनोची पाण्यातली शाई काचेवर रोलरने पातळ पसरायची, लिनोवर चढवायची, कागद ठेवून मागून चमच्याने घासायचं. एप्रिल-मेत लातूरच्या कोरड्या हवेत, वर पंखा गरगरत असला की घासून होईतो शाई अर्धी वाळलेली असते. कागद उचलताना कडांना चिकटतो, मध्ये पांढरे ठिपके. म्हणून पंखा बंद करायचा. भर दुपारी! मग घाम टपकणार तो नेमका छापावर, आणि घरचे येऊन विचारणार, लाइट गेली का? ग्लिसरीनचे दोन थेंब टाकले तर जरा उसंत मिळते. जास्त झाले तर छाप चिकटच राहतो. तेलाची शाई घ्यावी तर टर्पेंटाइनचा वास, आणि छाप दिवसचे दिवस दोरीवर.

हाच उन्हाळा स्टेन्सिलला मानवतो. तिथे भीती असते रंग कडेखाली झिरपण्याची. त्यामुळे स्पंज आधी रद्दीवर टिपून जवळजवळ कोरडा करायचा, पुसायचा नाही, थोपटायचा. थर पातळ, लगेच वाळतो, दुसरा रंग त्याच बैठकीत. फिल्म टेपने घट्ट बसवली की पंखा खुशाल पाचवर ठेवा. जुनी एक्स-रे फिल्म असेल तर अॅक्रिलिकचा जाड थर वाळून पापुद्र्यासारखा निघतो, धुवायला पाणी फारसं लागत नाही. नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या घरात ही काही छोटी गोष्ट नाही.

थंडीत मी अजूनही लिनो काढतो, आणि ज्यांना रेघेचंच वेड आहे त्यांनी तोच घ्यावा. पण पहिलंच सामान घेताय आणि होळी होऊन गेलीय, तर मी तरी फिल्म, ब्लेड आणि स्पंज म्हणेन. कापडावर मारणार असाल तर आधी खळ धुऊन काढा आणि फॅब्रिक रंग पुरता वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवा.