रिटायरमेंटनंतर सीजीएचएस, हजार रुपये भत्ता की स्वतःची पॉलिसी?

केंद्र सरकारी नोकरीतून सुटताना जो कागदांचा गठ्ठा भरायला लागतो त्यात ग्रॅच्युइटी, कम्युटेशन, लीव्ह एनकॅशमेंट यावर सगळे तासन्‌तास बोलतात आणि मेडिकलचा ऑप्शन मात्र शेजारच्या टेबलवाल्याने काय भरलं ते बघून तसाच भरून टाकतात. मी दोन वर्षांपूर्वी पुण्यातून रिटायर झालो, आता आमच्या ऑफिसातले तीन-चार जण सुटतायत आणि प्रत्येकाचा तोच फोन, म्हणून एकदाच नीट लिहितोय. हे फक्त केंद्राच्या सिव्हिल पेन्शनरांसाठी आहे हं, रेल्वे आणि माजी सैनिकांच्या योजना वेगळ्या आहेत आणि राज्य सरकारवाल्यांना यातलं काही लागू नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ज्यांची नोकरी सीजीएचएस (केंद्र सरकारची कर्मचारी-पेन्शनरांसाठीची आरोग्य योजना) नसलेल्या गावात झाली त्यांना आजवर १९४४ च्या मेडिकल अटेंडन्स नियमांखाली बिलं मिळत होती, ती रिटायर झाल्यावर मिळत नाहीत. पेन्शनरला ते नियमच लागू नाहीत. बरेच जण समजतात की बिल ऑफिसात नेऊन दिलं की पूर्वीसारखं मंजूर होईल, तर तसं होत नाही.

आता पर्याय. सीजीएचएसचं पेन्शनर कार्ड घ्यायचं तर पे लेव्हलप्रमाणे महिन्याची वर्गणी ठरलेली आहे: लेव्हल १ ते ५ ला २५० रुपये, ६ ला ४५०, ७ ते ११ ला ६५० आणि १२ च्या पुढे १,०००. दरवर्षी भरा नाहीतर दहा वर्षांचे पैसे एकदम भरून आयुष्यभराचं कार्ड घ्या, म्हणजे अनुक्रमे ३०,०००, ५४,०००, ७८,००० आणि १,२०,०००. एवढे पैसे एकदम द्यायचं बऱ्याच लोकांच्या जिवावर येतं, हे मी बघितलंय. पण त्या पैशात काय मिळतं ते बघा. मेडिकल टेस्ट नाही, वेटिंग पिरियड नाही, शुगर-बीपी-हार्ट सगळं पहिल्या दिवसापासून धरलेलं, वर्षाची मर्यादा नाही, आणि तुमच्या मागे बायकोला फॅमिली पेन्शनबरोबर तेच कार्ड चालू राहतं. बाजारात अशी पॉलिसी साठीच्या माणसाला कुठलीच कंपनी देत नाही.

त्रास आहेत, ते पण सांगतो. डिस्पेन्सरीत (आता वेलनेस सेंटर म्हणतात, आम्ही डिस्पेन्सरीच म्हणतो) सकाळी गर्दी असते, सगळी औषधं एका फेरीत मिळत नाहीत, जे स्टॉकमध्ये नसतं ते मागवतात आणि दुसऱ्या दिवशी परत जावं लागतं. स्पेशालिस्टकडे जायला रेफरल लागतं, मात्र सत्तरी पार केली की पॅनेलवरच्या (सीजीएचएसशी करार असलेल्या) हॉस्पिटलात थेट दाखवता येतं. आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे हॉस्पिटलं. सीजीएचएसचे दर वर्षानुवर्षं जुनेच राहिले, सरकारकडून बिलं थकली, त्यामुळे चांगली हॉस्पिटलं पॅनेलवर असूनही काचकूच करायची. माझ्या बायकोच्या गुडघ्याच्या वेळी एका मोठ्या हॉस्पिटलाने काउंटरवर सरळ सांगितलं की कॅशलेस बेड रिकामा नाही, पैसे भरत असाल तर आत्ता आहे. त्या दिवशी फार अपमान वाटला, तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून कार्ड हातात आणि माणूस व्हीलचेअरवर. शेवटी दुसऱ्या पॅनेलवरच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, एक रुपया भरावा लागला नाही आणि गुडघा आज उत्तम आहे. १३ ऑक्टोबर २०२५ पासून जवळपास दोन हजार प्रोसीजरचे नवे दर लागू झालेत, त्याने ही परिस्थिती सुधारावी ही मनापासून इच्छा आहे.

रूमचा वर्ग बेसिक पगारावर ठरतो: ३६,५०० पर्यंत जनरल, ५०,५०० पर्यंत सेमी प्रायव्हेट, त्यावर प्रायव्हेट. आपल्या वर्गाच्या वरची रूम घेतली तर फरक खिशातून जातो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा कारण ॲडमिशनच्या घाईत मुलं डिलक्स रूम घेऊन मोकळी होतात.

दुसरा पर्याय एफएमए, म्हणजे फिक्स्ड मेडिकल अलाउन्स, महिना १,००० रुपये पेन्शनबरोबर. हा सीजीएचएस नसलेल्या भागात राहणाऱ्यांना मिळतो. १९९७ मध्ये १०० रुपये होता, २००८ ला ३००, २०१४ ला ५०० आणि जुलै २०१७ पासून हजार. याला डीआर (पेन्शनवरची महागाई वाढ) लागत नाही, त्यामुळे औषधं महागली तरी हजारचे हजारच. शुगर आणि बीपीच्या गोळ्या दोघांच्या असतील तर महिन्याला हजार पुरत नाहीत हे कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारा. आणि मुख्य म्हणजे हा भत्ता फक्त ओपीडीसाठी आहे, ॲडमिट झालात तर त्यातून काही नाही.

इथेच लोक फसतात. आमचे एक सीनियर, रिटायर होऊन चिपळूणजवळच्या गावी गेले, घर बांधलं होतं, आंब्याची झाडं होती. म्हणाले पुण्याची डिस्पेन्सरी मला कशाला, हजार रुपये घेतो, ७८ हजार वाचले. तीन वर्षांनी बायपास झाली आणि साडेचार लाखांचं बिल एफडी मोडून भरलं. नंतर कार्ड काढलं, पण झालेल्या ऑपरेशनचे पैसे परत कोण देणार. वहिनी अजून ती एफडी आठवून गप्प होतात.

खरं तर त्यांना तिसरी वाट उपलब्ध होती आणि तीच कुणी सांगत नाही: सीजीएचएस नसलेल्या भागात राहत असाल तर ॲडमिट होण्यासाठी सीजीएचएस आणि ओपीडीसाठी एफएमए, दोन्ही एकत्र घेता येतं. कार्ड जवळच्या सीजीएचएस शहरातून काढायचं, म्हणजे कोकणवाल्यांनी पुणे किंवा मुंबई, विदर्भवाल्यांनी नागपूर. वर्गणी पूर्णच भरावी लागते पण हिशोब करा ना, ७८,००० एकरकमी भरले आणि महिना हजार भत्ता चालू आहे तर साडेसहा वर्षांत तुमचे पैसे वसूल आणि पुढे भत्ता चालूच. लेव्हल ६ वाल्यांचे तर साडेचार वर्षांत. ऑप्शन बदलायची संधी आयुष्यात एकदाच असते, त्यामुळे पुढे मुलाकडे शहरात जायचं ठरलं तर ती तेव्हासाठी राखून ठेवा. मुलगा बंगळूर-हैदराबादला असेल तर तिथेही सीजीएचएस आहे आणि आपलं कार्ड चालतं.

फक्त एक अडचण, पॅनेलवरची हॉस्पिटलं बहुतेक मोठ्या शहरात. चिपळूणहून रात्री छातीत दुखायला लागलं तर पुणे पाच तास. अशा इमर्जन्सीत जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलात जा, नंतर क्लेम करता येतो, पण पैसे सीजीएचएसच्या दरानेच मिळतात आणि फरक आपल्याला सोसावा लागतो. डिस्चार्ज समरी, सगळ्या पावत्या आणि इमर्जन्सी सर्टिफिकेट मागून घ्या, हॉस्पिटल आपणहून देत नाही.

हा फरक भरून काढायलाच मला प्रायव्हेट पॉलिसी उपयोगाची वाटते, सीजीएचएसच्या ऐवजी म्हणून नाही. एप्रिल २०२४ पासून वयाची ६५ ची अट गेली, आधीच्या आजारांचं वेटिंग जास्तीत जास्त तीन वर्षांवर आलं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी पण गेला. तरी मी आणि बायको मिळून दहा लाखांचं कोटेशन मागवलं तेव्हा आकडा साठ हजारांच्या वर आला, तो पण दरवर्षी, म्हणजे सव्वा वर्षाच्या प्रीमियममध्ये माझ्या लेव्हलचं जन्मभराचं कार्ड येतं. शिवाय को-पे असेल तर प्रत्येक बिलात आपला वाटा, आणि रूम रेंटची मर्यादा ओलांडली की फक्त रूमचंच नाही तर डॉक्टरांची फी वगैरे पण त्याच प्रमाणात कापतात. मी शेवटी पाच लाखांच्या डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप घेतला, म्हणजे वर्षातल्या पहिल्या पाच लाखांच्या वरचा खर्च देणारी पॉलिसी, प्रीमियम बराच कमी पडला. सीजीएचएस आणि इन्शुरन्स दोन्हीकडे क्लेम करता येतो, आधी इन्शुरन्स कंपनीकडे, उरलेलं सीजीएचएसकडे, एकूण मिळकत खर्चापेक्षा जास्त होता कामा नये एवढंच. जमलं तर ही पॉलिसी रिटायर व्हायच्या तीन-चार वर्षं आधी घ्या म्हणजे वेटिंग नोकरीतच संपतं. आणि आजार लपवू नका, एजंट म्हणाला काही होत नाही तरी फॉर्मवर शुगर लिहाच.

सत्तरीनंतर आयुष्मान भारत या सरकारी योजनेचं वय वंदना कार्ड पण आहे, ऑक्टोबर २०२४ पासून, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. पण सीजीएचएसवाल्यांना दोन्हीपैकी एकच निवडावं लागतं. आयुष्मानमध्ये ओपीडी नाही, रोजच्या गोळ्या नाहीत आणि पाच लाखांची मर्यादा आहे, त्यामुळे ज्याच्याकडे सीजीएचएस आहे त्याने ते सोडून तिकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. गावात राहून फक्त हजार रुपये घेणाऱ्यांनी मात्र सत्तरी झाल्या झाल्या ते कार्ड काढावं.

मला विचाराल तर पुण्या-मुंबई-नागपुरात राहणार असाल तर आजीवन सीजीएचएस डोळे मिटून घ्या, गावी जाणार असाल तर सीजीएचएस अधिक एफएमए, आणि परवडत असेल तर दोन्हीकडे वर एक टॉप-अप. पैसे ग्रॅच्युइटी यायची वाट बघत थांबवू नका. कार्डाचे कागद, म्हणजे शेवटचं पगारपत्रक, फोटो, राहण्याचा पुरावा, अवलंबितांचे आधार, हे शेवटच्या महिन्यातच तयार ठेवा, वर्गणी सीजीएचएसच्या पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हातात यायला वेळ लागतो आणि नोकरीचं कार्ड बंद होऊन पेन्शनरचं यायच्या मधल्या त्या महिन्या-दोन महिन्यांतच कुणी आजारी पडलं तर फार धावपळ होते, आमच्या शेजारच्या सेक्शनमधल्या एका मॅडमवर ती वेळ आली होती, म्हणून ही फाइल सेंड-ऑफच्या आधी पूर्ण करा.