म्हापशातला टुरिझमवाल्यांचा इंग्लिश क्लास: पैसे वसूल, पण शुक्रवार नको

होमस्टे, टॅक्सी, शॅक (किनाऱ्यावरचं झोपडीवजा हॉटेल), गाइड असल्या धंद्यातल्या लोकांसाठी गोव्यात म्हापशात मार्केटच्या मागे पावसाळ्यात एक क्लास चालतो, फी 2500, आणि त्यात ग्रामर वगैरे नाही, फक्त सारखे वाटणारे इंग्लिश शब्द घ्यायचे आणि त्यांच्यातला फरक शिकवायचा. मी मांद्र्याला दोन खोल्या टुरिस्टांना देते. बोलायचं इंग्लिश आमच्याकडे सगळ्यांनाच येतं हो, अडतं ते बुकिंगचं लिहून पाठवताना आणि पाहुणा भांडायला उठला की. पाचपैकी चार स्टार देईन. एक का कापला ते खाली येईलच.

सगळ्यात भारी धडा मासळीचा. फिश आणि शेलफिश. आपल्याकडे सगळंच नुस्तं, म्हणजे मासळी, त्यामुळे पाहुण्याने विचारलं धिस हॅज फिश? की आपला वेटर बिनधास्त नो सर म्हणतो, कारण त्यात इसवण (सुरमई) नाही ना, फक्त चार सुंगटं (कोळंबी) आहेत! आणि शेलफिशची ॲलर्जी असलेल्या माणसाला नेमकी ती चार सुंगटंच बाधतात. उलटंही आहे, एखाद्याला बांगडा-इसवण चालत नाही पण कुर्ली (खेकडा) मजेत खातो. सरांनी सांगितलं की युरोपात हॉटेलवाल्यांना 14 प्रकारच्या ॲलर्जींची माहिती द्यावीच लागते आणि त्यात फिश वेगळं, सुंगटं-कुर्ल्या म्हणजे क्रस्टेशियन वेगळे, आणि शिंपल्यातले प्रकार, माणकी (स्क्विड) वगैरे मोलस्क परत वेगळे, म्हणजे तिकडून आलेला माणूस हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारतो आणि आपण तिन्हीला एकच उत्तर देतो. आता भाजीत सुकी सुंगटं घालायची सवय आपल्या घराघरात आहे, आणि ती भाजी व्हेज म्हणून पुढे करणारे पण मी बघितलेत, असो.

मग शिंपल्यांची विभागणी. सरांनी बाजारातनं पिशवी भरून आणलेली, टेबलावर पेपर अंथरून ओतली. तिसऱ्या म्हणजे क्लॅम, गोलसर, पाठीवर रेघा, वाळूत-चिखलात मिळणाऱ्या. शिनाणे म्हणजे मसल, लांबट, काळपट-हिरवट, खडकाला धाग्याने धरून बसणारे. कालवं म्हणजे ऑयस्टर, कवच एवढं ओबडधोबड की हाताला कापेल. मेनूकार्डावर या तिघांची अदलाबदल सर्रास दिसते, ऑयस्टर मागवलेल्या गोऱ्यापुढे तिसऱ्यांचं सुकं आलं तर तो काय समजणार! सुंगटांना मात्र प्रॉन म्हणा नाहीतर श्रिंप, अमेरिकन माणूस मोठ्यालाही श्रिंपच म्हणतो, ब्रिटिश प्रॉन म्हणतो, त्यात भांडण्यासारखं काही नाही. इथे मला क्लास खरा आवडला, कुठे फरक महत्त्वाचा आणि कुठे नाही हे सर स्पष्ट सांगतात. म्हणजे निदान तोपर्यंत तरी सांगत होते.

पैशांचा धडा माझ्या कामाचा. ॲडव्हान्स आणि डिपॉझिट. आपण डिपॉझिट म्हणतो ते परत द्यायचे पैसे, घरभाड्याच्या सवयीने. पण इंग्लंडचा माणूस बुकिंग करताना डिपॉझिट म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात बहुतेक वेळा बिलातनं वजा होणारी रक्कम असते, म्हणजे आपला ॲडव्हान्स. आता एकाने वजा होणार समजून दिले, दुसऱ्याने तोडमोड झाली तर कापायचे म्हणून घेतले, चेकआउटच्या दिवशी दारात तमाशा ठरलेला. सरांचा सल्ला, नुसतं डिपॉझिट लिहायचंच नाही, सिक्युरिटी डिपॉझिट, रिफंडेबल असं पूर्ण लिहायचं आणि बुकिंगचे पैसे वेगळ्या ओळीत. तसंच सी व्ह्यू आणि बीचफ्रंट. बीचफ्रंट म्हणजे पुढे थेट वाळू, मध्ये रस्ता नाही की माड-बाग नाही. व्ह्यू म्हणजे दिसतो, बस, बाल्कनीच्या कोपऱ्यातनं मान वाकडी करून दिसला तरी बोलायला जागा नाही. हे ऐकून वर्गात जो हशा पिकला त्यावरनं मांद्रे ते कळंगुट कोण काय लिहितंय ते समजलं.

टॅक्सीवाल्यांसाठी हायर आणि रेंट. ब्रिटिश माणूस गाडी हायर करतो, घर रेंट करतो, अमेरिकन दोन्ही रेंट करतो आणि हायर म्हणजे त्याच्यासाठी नोकरीवर ठेवणं. गोव्यात तर हा फरक नंबरप्लेटवरच आहे, ड्रायव्हरसकट घेतली तर पिवळी प्लेट काळी अक्षरं, स्वतः चालवायची रेंटची असेल तर काळी प्लेट पिवळी अक्षरं, म्हणून पाहुण्याला टॅक्सी पाहिजे की सेल्फ ड्राइव्ह हे आधी विचारून घ्या म्हणाले, ते पटलं.

जुन्या गोव्याच्या गाइड मुली होत्या त्यांच्यासाठी चर्च, चॅपल, कॅथेड्रल, बॅसिलिका. मला वाटायचं लहान-मोठ्या आकाराचा हिशोब असेल, तसं नाही. कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपची अधिकाराची खुर्ची, म्हणून सॅ कॅथेड्रल. बॅसिलिका ही पोपने दिलेली पदवी, बॉम जेझूला ती 1946 मध्ये मिळाली, इमारत त्याच्या कितीतरी आधीची, 1605 ची. दोन्ही एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना. आणि एक्झिबिशन-एक्स्पोझिशन! मराठी पेपरात शवप्रदर्शन छापून येतं, म्हणून गाइड सरळ एक्झिबिशन म्हणून मोकळा होतो, पण सेंट फ्रान्सिस झेवियरच्या त्या दहा वर्षांनी होणाऱ्या सोहळ्याला, मागचा 2024-25 मध्ये झाला त्याला, इंग्लिशमध्ये एक्स्पोझिशन म्हणतात, भाविकांनी दर्शन घ्यावं म्हणून उघडं ठेवणं. एक्झिबिशन म्हटलं की साड्यांचा सेल आठवतो.

आता कापलेला स्टार. शेवटी शेवटी सरांचा जुना हायस्कूलचा मास्तर जागा झाला. स्टेशनरी-स्टेशनरी, प्रिन्सिपल-प्रिन्सिपल, स्पेलिंगच्या जोड्यांचे झेरॉक्स, ज्याचा शॅकवाल्याला काडीचा उपयोग नाही. (कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्टमधला आय की ई तेवढं मात्र बोर्ड रंगवण्याआधी बघून घ्या, ई आला तर फुकटचा अर्थच जातो.) आणि लेस-फ्यूअरवर अख्खा तास! मोजता येतं तिथे फ्यूअर, नाही तिथे लेस, आणि चुकलं की अडाणी. अहो, हा नियम 1770 मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या माणसाने आपली आवड म्हणून लिहिला, लोक त्याच्या आधीपासून लेस म्हणत आलेत. आणि पैसे, अंतर, वेळ याला तर सगळेच लेस म्हणतात, फ्यूअर दॅन 500 रुपीज कोण म्हणतं? ब्रिटनमधल्या टेस्कोने 2008 मध्ये काउंटरवरची टेन आयटम्स ऑर लेस ही पाटी बदलून अप टू टेन आयटम्स केली, वाद नको म्हणून. मी हे बोलले तर सर म्हणाले परीक्षेत मार्क जातात. कसली परीक्षा, आमची परीक्षा गूगल रिव्ह्यूवर असते.

आणि क्लास ठेवलाय शुक्रवारी संध्याकाळी. म्हापशात. बाजाराच्या दिवशी. गाडी लावायला जागा शोधण्यात पहिला अर्धा तास जातो, बसनेच या.

नोट्स सगळ्या इंग्लिशमध्येच आहेत, मासळीच्या पानावर तरी बाजूला तिसऱ्या, शिनाणे, कालवं लिहा असं मी सांगून आलेय, पुढच्या बॅचला करतो म्हणालेत. शॅकवाल्यांनी आपल्या किचनमधल्या एकाला तरी पाठवा, मासळीच्या एकट्या धड्याचे वेगळे पैसे घेऊन बसू देतात का ते विचारून बघा.