गावाची माहिती कोणत्या नकाशावर नोंदवावी?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जांबोटी किंवा नंदगड परिसरातील एखाद्या तरुण मंडळाने गावच्या गल्ल्या, विहिरी, देवळे आणि पाणंदी नकाशावर नोंदवायचे ठरवले, तर गूगल मॅप्स की ओपनस्ट्रीटमॅप (जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून तयार केलेला खुला नकाशा), हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

दुकान किंवा दवाखाना बाहेरगावच्या माणसाला सापडावा, एवढाच हेतू असेल तर गूगल मॅप्स निवडावा, कारण बहुतेकांच्या मोबाइलमध्ये तोच असतो.

परंतु दहा-वीस जणांनी उन्हातान्हात हिंडून गोळा केलेली माहिती पुढे कोणाला वापरता येईल, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. गूगलच्या टेकआउट सुविधेतून प्रत्येकाला आपापले अभिप्राय आणि छायाचित्रे परत घेता येतात. सर्वांची भर मिसळून तयार झालेला गावाचा नकाशा मात्र एकगठ्ठा उतरवून घेण्यास सेवेच्या अटी परवानगी देत नाहीत. लोकांनी नकाशात भर घालावी म्हणून २००८ मध्ये सुरू झालेली गूगल मॅप मेकर ही सेवा २०१७ मध्ये बंद झाली, हेही लक्षात ठेवावे.

२००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपची माहिती २०१२ पासून ओपन डेटाबेस परवान्याखाली आहे. संपूर्ण जगाची फाइल दर आठवड्याला नव्याने उपलब्ध होते आणि आपल्या तालुक्यापुरती माहितीही वेगळी काढता येते, त्यामुळे शाळेच्या भिंतीसाठी नकाशा छापणे किंवा जिथे रेंज मिळत नाही अशा रानात तो मोबाइलवर पाहणे कोणालाही शक्य होते. अट एवढीच की श्रेय द्यावे आणि सुधारलेला माहितीसंच प्रसिद्ध केल्यास तो त्याच परवान्याने खुला ठेवावा.

सीमाभागासाठी आणखी एक सोय मोलाची आहे: एकाच ठिकाणाचे मराठी आणि कन्नड नाव स्वतंत्र रकान्यांत नोंदवता येते. मुख्य नावाच्या रकान्यावरून वाद घालण्यापेक्षा हे दोन्ही रकाने काळजीपूर्वक भरावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

म्हणून दुकानांच्या वेळा गूगलवर आणि विहिरी, पाणंदी, वाड्यांची नावे ओपनस्ट्रीटमॅपवर, अशी विभागणी मला योग्य वाटते. मात्र गूगलच्या नकाशावरून नावे उतरवून ओपनस्ट्रीटमॅपवर भरणे परवान्यात बसत नाही. ती गावातील जाणत्यांना विचारूनच घ्यावीत. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक बदलासोबत सदस्यनाम आणि वेळ सर्वांना दिसते, तेव्हा सदस्यनाम विचारपूर्वक निवडावे आणि कोणते घर कोणाचे, हे नोंदवू नये.