डीपी, योक, यूटी की आरटी: वेल्डिंग शिकवणाऱ्या वर्कशॉपात नक्की काय घ्यायचं?

वर्कशॉपला टेस्टिंगसाठी थोडेफार पैसे मंजूर झाले की पहिला विचार हमखास यूटी (अल्ट्रासोनिक, म्हणजे आवाजाच्या लहरींनी आतली खोट शोधणाऱ्या) मशीनचा येतो. दिसायला भारी, स्क्रीनवर रेघ उड्या मारते, कुणी पाहुणे आले की दाखवता येतं. मी वेल्डर ट्रेड शिकवतो, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो: एक वर्षाचा कोर्स, १० मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटा, वीस पोरं आणि एक इन्स्ट्रक्टर अशी गत असेल तर यूटी सगळ्यात शेवटी घ्या.

कारण असं की कंपनीत टेस्टिंग करतात ते जॉब पास का फेल हे ठरवायला, आणि तिथे जॉब मोडून बघता येत नाही म्हणून एनडीटी, म्हणजे जॉब न मोडता केलेली टेस्ट. आपला जॉब तसाही भंगारातच जाणार असतो. आपल्याला टेस्ट हवी ती पोराला त्याची चूक दाखवायला, तीही आपण रॉड कुठे थांबवला होता हे त्याला आठवतंय तोवर. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी नुसते डोळे. याला खर्च म्हणजे एक बॅटरी, एक भिंग, एक वेल्ड गेज आणि छोटा आरसा. अंडरकट (बीडच्या, म्हणजे वेल्डच्या रेघेच्या, कडेला पडलेली खाच), ओव्हरलॅप (न मिसळता कडेवर चढलेला धातू), कमीजास्त लेग (कोपऱ्यातल्या वेल्डच्या बाजू), वर आलेली पोरोसिटी (गॅसची भोकं), न भरलेला क्रेटर (बीडच्या शेवटचा खड्डा), नवीन पोरांच्या निम्म्याहून जास्त चुका इथेच सापडतात. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून जे डोळ्याला दिसतंय त्यावर टेस्टिंगच्या रंगाचे डबे संपवू नका (पाईपच्या आतला रूट, म्हणजे जोडाचा तळ, सोडून, तिथे खरंच आरसा लागतो). फक्त उजेड नीट पाहिजे, कोडवाले साधारण १००० लक्स मागतात आणि आपल्या शेडमधल्या ट्यूबलाईटखाली तेवढा नसतो. बॅटरी वरून सरळ मारू नका, प्लेटला जवळजवळ टेकवून तिरकी धरा, अंडरकटची सावली पडते आणि मग पोरगं वाद घालत नाही.

आता खरी तुलना डीपी (डाय पेनिट्रंट, रंगाची टेस्ट) आणि योकची (जॉबला चुंबक करून वर लोखंडी पावडर टाकायचं हातातलं यंत्र), कारण बजेटमध्ये बसणाऱ्या या दोनच.

डीपी म्हणजे तीन डबे, क्लीनर, लाल पेनिट्रंट आणि पांढरा डेव्हलपर. डबे शेकड्यात येतात, योक पाच आकड्यांत जातो. डीपी एमएस, स्टेनलेस, अॅल्युमिनियम कशावरही चालते, पण पृष्ठभागावर तोंड उघडं असलेलीच खोट दाखवते. योकला लोहचुंबक चिकटेल असाच धातू लागतो, म्हणजे ३०४ स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम बाद, पण पृष्ठभागाच्या किंचित खालची खोटही पकडतो आणि तोंडात घाण अडकलेली बारीक क्रॅक डीपीपेक्षा चांगली दाखवतो.

कागदावर योक भारी वाटतो ना? पण ६०१३ रॉडने १० मिमी एमएसवर शिकणाऱ्या पोराच्या जॉबला क्रॅक कितीशा येतात? एखादी क्रेटर क्रॅक, बस. त्याच्या चुका म्हणजे पिनहोल, स्लॅग (आत अडकलेली मळी), रूट न उतरणं. गोल पिनहोल मॅग्नेटिकमध्ये धड दिसत नाही, डीपीत लाल ठिपका होऊन उठतो. म्हणून पहिला पैसा डीपीला, आणि डीपी कॅपवर (वरच्या थरावर) मारून थांबू नका, जॉब उलटा करून रूटच्या बाजूने मारा, पेनिट्रेशन कुठे सुटलंय ते लांबलचक लाल रेघेने समजतं.

वेळेचं म्हणाल तर पेनिट्रंट १० मिनिटं, पुसून डेव्हलपर, परत १० मिनिटं, आधीमागे सफाई, अर्धा तास गेला. योकवर एक जॉब दोन मिनिटांत होतो. पण डीपीत वीस जॉब ओळीने मांडून एकदमच लावता येतात आणि योक एका वेळी एकाच्याच हातात, त्यामुळे तासाच्या शेवटी दोन्ही सारखेच पडतात.

डीपीत पोरं एक चूक हटकून करतात. पेनिट्रंट पुसायची वेळ आली की क्लीनरचा डबा उचलून थेट जॉबवर फवारतात, जॉब एकदम चकाचक, आणि क्रॅकमध्ये गेलेला लाल रंगही त्याबरोबर धुऊन निघतो. मग डेव्हलपर पांढराशुभ्र राहतो आणि पोरगं खूश, सर जॉब ओके. क्लीनर कापडावर घ्यायचा आणि ओलसर कापडाने पुसायचं, आधी तर कोरड्यानेच. दुसरी चूक डेव्हलपरची. डबा हलवायचा कंटाळा, आतली गोळी वाजेपर्यंत कुणी थांबत नाही, मग पातळ एकसारख्या थराऐवजी कुठे नुसतं ओलं, कुठे भिंतीला चुना दिल्यासारखा जाड थर बसतो आणि बारीक खूण खालीच झाकली जाते. आणि हो, स्पॅटर (उडून चिकटलेले धातूचे थेंब) आणि ओबडधोबड बीडच्या खाचांत रंग अडकून खोट्या खुणा येतात, त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांच्या जॉबवर डीपी मारण्यात काही अर्थ नाही.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. डीपीचे डबे ज्वलनशील असतात आणि आपण ठिणग्यांच्या शेडमध्ये बसलोय. डीपीचं टेबल वेल्डिंग बूथपासून लांब, हवा खेळेल असं ठेवा. स्वस्तात मिळाला म्हणून क्लोरीनवाला क्लीनर आणू नका, त्याच्या वाफा आर्कच्या उजेडात आल्या की फॉस्जीनसारखा विषारी गॅस तयार होऊ शकतो. आणि डीपी मारलेला जॉब रिपेर करायचा तर आधी पूर्ण साफ, नाहीतर त्या रंगाचीच पोरोसिटी येते आणि पोरगं म्हणतं रॉड खराब आहे.

योक पुढच्या वर्षी घ्या. घेतलात तर एसी योकने साडेचार किलोचा ठोकळा उचलला पाहिजे हे पोरांसमोर रोज करून दाखवा, त्यांना तेच सगळ्यात जास्त आवडतं. योकचे दोन पाय ज्या दिशेला, त्याला आडवी असलेली क्रॅक उठते आणि समांतर असलेली लपते, म्हणून दोनदा लावायचा, दुसऱ्यांदा काटकोनात फिरवून. दाखवायला क्रॅकवाला नमुना नसेल तर ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा घ्या, प्रीहीट (आधी गरम) न करता त्यावर ६०१३ ने बीड ओढा आणि दुसऱ्या दिवशी बघा. बहुतेक वेळा क्रॅक मिळते, पावडर तिच्यावर रांगोळीच्या रेघेसारखी गोळा होते, आणि प्रीहीट कशासाठी हा धडाही फुकटात होतो.

आता यूटी. मशीन सहा आकड्यांत, वर प्रोब (जॉबमध्ये आवाज सोडणारा तुकडा), केबल, व्ही१ आणि व्ही२ ब्लॉक (मशीन जुळवायचे ठोकळे). आतला फ्यूजन न झालेला (न वितळता, न जुळता राहिलेला) भाग पकडण्यात यूटीसारखं काही नाही, ६० अंशांचा व्ही ग्रूव्ह असेल तर त्याची कड उभ्यापासून ३० अंशांवर असते आणि ६० डिग्रीच्या प्रोबचा आवाज तिच्यावर बरोबर काटकोनात आदळतो. पण आपल्या जॉबवर? १० मिमी प्लेटवर ७० डिग्रीचा प्रोब लावला तर फुल स्किप (आवाज तळावर आपटून परत वर येईपर्यंतचं अंतर, हाफ स्किप म्हणजे तळापर्यंतचं) म्हणजे दोन गुणिले १० गुणिले टॅन ७०, जवळपास ५५ मिमी. सरावाच्या जॉबला आपण ५० मिमी रुंदीच्या पट्ट्या जोडतो, म्हणजे प्रोब मागे न्यायचा तर तो प्लेटवरून खालीच पडणार. हाफ स्किपला रूट दिसेल, पण जोडाचा वरचा भाग राहून जातो. रुंद प्लेट कापली तर स्टील जास्त जातं, आणि ८ मिमीच्या खाली तर नेहमीच्या पद्धतीने यूटी करूच नये. शिवाय स्क्रीनवरची उडी रूटच्या आकाराची की खोटीची, हे ओळखायला शिकवणारा माणूस लेव्हल टू (एनडीटीची दुसऱ्या पातळीची परीक्षा पास) पाहिजे. तो नसेल तर मशीन कपाटात आणि बॅटरी फुगलेली, एका ठिकाणी मी हे बघून आलोय. २० मिमीच्या पुढचं स्ट्रक्चरल काम शिकवत असाल किंवा एनडीटीचाच कोर्स चालवत असाल, तर मात्र माझं बोलणं बाजूला ठेवा आणि यूटीच घ्या.

आरटी, म्हणजे किरणांनी जॉबची फिल्म काढणं, स्वतः करायचा विषयच नाही. एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) लायसन्स, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, ट्रेनिंग घेतलेला रेडिओग्राफर, टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा), दोरी बांधून रिकामी केलेली जागा. किरण सोडणाऱ्या इरिडियम १९२ ची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते, म्हणजे वापरा न वापरा, सोर्स संपतच असतो. आणि पातळ प्लेटवर इरिडियमची फिल्म तशी फिकीच येते, तिथे एक्सरे बरा. स्लॅग आणि पोरोसिटी आरटीत सुंदर दिसते, कडेला फ्यूजन न झालेलं मात्र किरणांच्या रेषेत नसेल तर सुटतं. तरी फिल्म वाचायला शिकवायचीच, कारण पुढे ६जी (तिरका, न फिरवता जोडायच्या) पाईपची टेस्ट दिली की पोराचा निकाल पुष्कळदा फिल्मवरच लागतो. वर्षातून एकदा चारपाच जॉब बाहेरून एजन्सीकडून शूट करून आणा आणि फिल्म जपून ठेवा. फिल्म उजेडावर बघायचा व्ह्यूअर घेतला तर उत्तम.

यूटीतून वाचलेल्या पैशात एक बँड सॉ आणि बेंडिंगचं साधं फिक्श्चर घ्या. डीपी झाली, फिल्म आली की जॉब त्याच खुणेवर कापा, फिलेट (कोपऱ्यातला जोड) असेल तर हातोड्याने उलटा मोडा. पांढऱ्या डेव्हलपरवर जिथे ठिपका होता तिथेच आत स्लॅगचा काळा तुकडा निघाला की पोरगं तो नखाने उकरून बघतं. असे कापलेले तुकडे, त्यांचा डीपीचा फोटो आणि कुणी कुठल्या करंटवर मारला ते लिहिलेली चिठ्ठी आम्ही बिस्किटाच्या जुन्या डब्यात ठेवतो. दरवर्षी नवीन बॅचला पहिला तोच डबा उघडून दाखवतो, आणि चिठ्ठीवरचं नाव ओळखीच्या सीनियरचं निघालं की मागच्या बाकापर्यंत हशा जातो.