लुह्यांची मते आणि आपली मते: शहापुरातील एका अभ्यासवर्गाविषयी

बेळगावच्या शहापुरातील एका वाचनालयाने यंदाच्या पावसाळ्यात दर रविवारी संध्याकाळी ‘निवडणूक आणि अस्मिता’ या विषयावर सहा बैठकांचा अभ्यासवर्ग घेतला. सहाही बैठकांना मी हजर होते. शुल्क दोनशे रुपये होते आणि त्यात झेरॉक्सचा गठ्ठा व मधल्या वेळचा चहा आला. केनियावरची चौथी बैठक सर्वांत सरस झाली, त्यामुळे मी मुख्यतः तिच्याविषयीच लिहीत आहे.

‘मराठी मते’ हा शब्द कर्नाटकातल्या मराठीभाषक सीमाभागात आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती मते म्हणजे कुणीतरी बांधून ठेवलेली मोळी आहे, असेच आपण धरून चालतो. केनियात ‘लुह्या मते’ हा शब्द तसाच वापरला जातो. २०१९ च्या जनगणनेत लुह्या सुमारे ६८ लाख होते, म्हणजे किकुयूंच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकाचा समाज. तेथे अध्यक्ष होण्यासाठी निम्म्याहून अधिक मते तर लागतातच, शिवाय ४७ पैकी किमान २४ काउंट्यांमध्ये (म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये) प्रत्येकी २५ टक्के मतेही मिळवावी लागतात. एका समाजाच्या बळावर ते जमत नाही, म्हणून निवडणूक जवळ आली की सर्वांची नजर लुह्यांच्या पश्चिम केनियाकडे वळते.

वर्ग घेणाऱ्या सरांनी मात्र आकड्यांआधी नावाचा इतिहास सांगितला आणि तिथेच बैठकीला रंग चढला. बुकुसु, मारागोली, वांगा, तिरिकी, इसुखा अशा डझनाहून अधिक गटांना एकत्र बांधणारे ‘लुह्या’ हे नाव १९३० आणि १९४० च्या दशकांत रूढ झाले, आणि सर्वांसाठी एकच लिखित भाषा घडवण्याचा त्या काळातला प्रयत्न तडीस गेला नाही. हे सांगताना त्यांनी कार्डशीटवर स्केचपेनने काढलेला नकाशा भिंतीला लावला होता. बुंगोमा, काकामेगा, विहिगा, बुसिया या तिथल्या काउंट्यांची नावे त्यावर ठळक देवनागरीत लिहिली होती, त्यामुळे मागच्या बाकावरूनही ती वाचता येत होती.

मग २०२२ ची निवडणूक आली. मुसालिया मुदावादी आणि मोझेस वेतांगुला हे दोन्ही लुह्या नेते अध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम रुटो यांच्या आघाडीत गेले. पश्चिम भागातील किमान ७० टक्के मते मिळवून द्यायची आणि सरकारमध्ये ३० टक्के वाटा घ्यायचा, असा करार झाला. प्रत्यक्षात वेतांगुलांच्या बुंगोमाने रुटोंना साथ दिली. पण मुदावादींचे विहिगा, तसेच काकामेगा आणि बुसिया रुटोंचे प्रतिस्पर्धी रायला ओडिंगा यांच्या बाजूने गेले. रुटो निवडून आले, मुदावादी प्रधान कॅबिनेट सचिव (म्हणजे ज्येष्ठ मंत्री) आणि वेतांगुला सभापती झाले. मते फुटली, तरी पदे मिळाली.

खानापूर तालुक्यातून आलेले एक काका एवढा वेळ गप्प होते. ते म्हणाले, “म्हंजे नेते एकीकडं नि गाव एकीकडं. आमच्यासारखंच झालं की ओ!” त्यानंतर अर्धा तास सरांना बोलायला वावच मिळाला नाही. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ मध्ये कर्नाटक विधानसभेत दोन आमदार होते. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही निवडून आला नाही. पण मधल्या २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते पडली. २०१८ ते २०२३ या पाच वर्षांत माणसांची भाषा बदलली नव्हती. आमच्याच घरात एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, निषेधाचा काळा दिवस पाळला जातो आणि विधानसभेला तीन माणसांची तीन ठिकाणी मते पडतात. त्याला गद्दारी म्हणावे असे मला कधीच वाटले नाही, पण तसे मोठ्याने म्हणण्याचा धीर मला या वर्गातच झाला.

उणिवाही सांगायला हव्यात. झेरॉक्स सगळे इंग्रजीत होते आणि माझ्या शेजारच्या आजींनी त्यातले एकही पान उलटले नाही. निकालाच्या तक्त्यात कुठल्या काउंटीत कोण जिंकले एवढेच दिले होते, हरलेल्याची टक्केवारी नव्हती. मते फुटणे समजून घ्यायला नेमकी तीच हवी होती. शेवटच्या बैठकीत राष्ट्रीय पक्षांना मत देणारे मराठी तरुण येतील असे सांगितले होते, पण कुणालाही बोलावले नव्हते.

दिवाळीनंतर वर्ग पुन्हा सुरू होणार आहे. जागा चाळीसच असल्याने नाव लवकर नोंदवावे, आणि नोंदवतानाच मराठी टिपणांची मागणी लेखी द्यावी. मी माझी दिली आहे.