२७.५ व्होल्ट आणि माझे ४,२२,५०० रुपये

घरी विमान बांधणारे आपण महाराष्ट्रात असे किती? तरी जुने विमान-रेडिओ विकून आपल्याला लुबाडायला खास माणूस तयार झाला आहे आणि तो सध्या नागपुरात फिरतोय. कॉम (बोलायचा रेडिओ), नॅव्ह (दिशा शोधायचा), ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारा), पिवळा टॅग (जुना भाग तपासून ठीक असल्याचा दाखला), सगळे शब्द त्याला येतात. कॅप्टन अमोल यादवांनी मुंबईत गच्चीवर विमान बांधलं, २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली, हे त्यानेच मला ऐकवलं. "भाऊ, त्यांचं झालं तं तुमचं काऊन नाही होणार?" असं कोणी म्हटल्यावर कोण पाघळणार नाही?

हिशेब मांडतो. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. वापरलेला कॉम-नॅव्ह रेडिओ १,६५,०००. ट्रान्सपाँडर १,१०,०००. इंटरकॉमसह ऑडिओ पॅनेल ४५,०००. हार्नेस (वायरींचा जुडगा) आणि फिटिंग ६५,०००. वर "कस्टमने माल अडवला" म्हणून ३७,५००. पहिले २,००,००० आरटीजीएसने त्याच्या भाच्याच्या खात्यात गेले (माणूस एक आणि खातं दुसऱ्याचं दिसलं की तिथेच थांबा), १,८५,००० रोख दिले, कस्टमचे यूपीआयने. रोखीची पावती मागितली तर म्हणाला, "जीएसटी लावू का मग?"

आता तो क्षण. वाडीकडच्या एका शेडमध्ये त्याने रेडिओ चालू करून दाखवला. नारंगी आकडे झळकले, त्याने गोल बटण फिरवून १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी लावली. आवाज का येत नाही विचारलं तर, "इथं अँटेना कुठंय भाऊ?" बरोबरच वाटलं. पण शेजारच्या पॉवर सप्लायवर २७.५ हा आकडा होता. लाल, ठळक, मला वाचता येईल असा. माझं इंजिन रोटॅक्स ९१२, बॅटरी बारा व्होल्टची. तो आकडा मी वाचला आणि पुन्हा नारंगी आकड्यांकडे बघत बसलो. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तो सप्लायच दिसतो. पण हेही ऐका: हल्लीचे बरेच सेट १२ आणि २८ (२७.५ म्हणजे तीच यंत्रणा) दोन्हींवर चालतात. मला शंका का यावी? सेटची पाटी (व्होल्ट आणि नंबर छापलेली पट्टी) बघायला मागितली तर तिच्यावर "वॉरंटी"चा स्टिकर होता, "फाडला तं वॉरंटी गेली."

पाटी वाचल्याशिवाय एक रुपया देऊ नका. स्टिकर असेल तर फाडा.

फिटिंगला तो रविवारी आला, एका पोराला घेऊन. रेडिओ ज्या ट्रेमध्ये सरकवून बसवतात ते ट्रे त्याच्याकडे नव्हतेच. मागचा कनेक्टर ट्रेवरच असतो, म्हणजे ट्रेशिवाय सेट हा नुसता डबा. याने एल अँगल ठोकले, तीनही डबे एकमेकांवर चिकटवले, हवा खेळायला फटसुद्धा ठेवली नाही आणि कनेक्टरच्या पिनांवर थेट वायरी डागल्या. माझं दोन मिलिमीटरचं ॲल्युमिनियम पॅनेल सव्वासहा इंचांऐवजी साडेसहा कापलं. शील्डेड वायरच्या जागी गाडीची वायर. ॲव्हिऑनिक्सचा (रेडिओ वगैरे सेटचा) वेगळा मास्टर स्विच नाही, सगळं थेट मुख्य बसवर (वीज वाटणाऱ्या पट्टीवर), म्हणजे स्टार्टर मारताना बसणारा झटका सरळ रेडिओला. अँटेनाला तर टीव्हीची पांढरी केबल! ती ७५ ओहमची, आपल्याला ५० ची लागते. केबलच्या अंगावर आरजी-५८ किंवा आरजी-४०० छापलेलं आहे का ते बघा, त्याला चष्म्यापलीकडे काही लागत नाही.

चालू केलं तर डिस्प्ले मिणमिणला आणि गेला. "बॅटरी डाऊन आहे तुमची." नवी बॅटरी आणली, ६,८०० रुपये, ते वरच्या हिशेबात नाहीत. त्यानंतर त्याचा फोन बंद. ओळखीच्या एका निवृत्त तंत्रज्ञांनी स्टिकर सोलला: २७.५ व्होल्ट डीसी. पिवळ्या टॅगवरचा सिरियल नंबर वेगळाच. ट्रान्सपाँडर उघडला तर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर पाठवणारी ट्यूबच काढून घेतलेली. उंची सांगणारा एन्कोडर तर आलाच नव्हता.

मग पोलीस. ठाण्यात म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटला होता ना, ठाण्यात जा. परत ठाण्यात. "व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी दावा लावा." खोटा टॅग, लपवलेली पाटी, दुसऱ्याचं खातं, यात दिवाणी काय आहे? जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) झालं आहे, हे मी त्यांना सांगायचं? वर साहेबांनी मलाच धरलं. "विमान बनवून राहिले? परवानगी आहे? वायरलेसचं लायसन्स दाखवा." अहो, अर्जात सेटची माहिती भरावी लागते, आणि सेटच खोटा निघाला! खुर्चीतला एक हवालदार हसला. फसवणाऱ्याला कोणी बोलावलं नाही, माझ्या शेडची मात्र चौकशी झाली. बँकेचं एकच वाक्य: तुम्हीच पाठवलेत.

हद्दीचं कारण देऊन परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. नाही घेतला तर लेखी तक्रार पोस्टाने वरिष्ठांना. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा. मी उशिरा लावला, कारण तो तोपर्यंत "येतो, येतो" म्हणत होता.

माझी तक्रार अजून "चौकशीत" आहे. तो मात्र नव्या नंबरवरून धंदा करतो आणि कामाचा नमुना म्हणून एका पॅनेलचा फोटो पाठवतो: राखाडी पॅनेल, डावीकडे लाल स्टार्टर बटण, मधोमध तीन चकचकीत सेट. तो फोटो तुम्हाला आला असेल तर ते विमान माझं आहे आणि त्यातला एकही सेट चालत नाही.